कोहळ्याची सोयरीक

आमच्या सांदवाडीत कोहळ्याचा वेल चढला
संडासाच्या टिनावर, तिथून बाभळीवर.
फुलं इतकी, जशी कुणाची हळद लागली.
पण बोटाएवढं कोहळं धरायचं,
पिवळं पडायचं, गळायचं.
देवका रोज सकाळी ती वेचायची,
ओट्यावर ओळीनं मांडायची.
मला काही म्हणायची नाही.

मी फवारणीचे पंप दुरुस्त करतो.
आर्वी रस्त्यावर दुकान, पोत्यावर बैठक.
वायसर, नोझल, पाठीवरच्या पट्ट्याची बक्कल.
पऱ्हाटी कमरेला लागली
की मान वर करायची फुरसत नाही.
कपड्यांना बसतो तो वास साबणानं जात नाही.
देवका ते वेगळ्या बादलीत धुते,
ते पाणी वेलाला घालत नाही.
हेही तिनं सांगितलं नाही, मीच पाहिलं.

आधी तिनं कोंबडीचं पीस घेतलं.
उजाडल्याबरोबर या फुलातून त्या फुलात.
शेजारची शेवंता कुडावरून म्हणाली,
"काऊन वं, सोयरीक जुळवून रायली का?"
"मध्यस्थच गाव सोडून गेला,
तं कोणाले तरी करा लागन."

चार कोहळी धरली त्या पिसावर.
पण देवकाचं मन भरलं नाही.
ज्याचं काम त्यानं करावं, म्हणाली.

मग तिनं सांबार खुडणं थांबवलं,
त्याला पांढरा तुरा येऊ दिला.
वरणावर काय टाकशील, मी विचारलं.
"बजारात भेटते."
तुळशीच्या मंजिऱ्या मोडेना.
मुळे जमिनीतच जून झाले, वर जांभळट फुलं.
तरोटा उपटला नाही,
एकदांडी पायवाटेत तशीच.
बांधावरून रुईचं रोप आणलं तेव्हा
जाऊ म्हणाली, दारात रुई लावू नये, घर ओसाड होते.
"दारात कुठी? मांगं लावली."

कढीपत्त्यावर अळ्या आल्या.
आधी पाखराच्या शिटीसारख्या,
मग हिरव्यागार, बोट लावलं
की डोक्यातून लाल शिंगं काढणाऱ्या.
पानांच्या नुसत्या शिरा उरल्या.
हे तर माझ्या हातचं काम.
मी दुकानातला पंप भरून आणला.
देवका झाडापुढे आडवी आली नाही.
विळ्यावर कांदा चिरत होती,
तिथूनच बोलली,
"फुलपाखरू काय आभायातून पडते?"

पंप परत नेला.
महिनाभर फोडणी बिनकढीपत्त्याची.

उन्हाळ्यात टिनाच्या सावलीत परात,
परातीत गिट्टी, गिट्टीच्या टोकाखाली पाणी.
माशीला पोहता येत नाही,
हे मला पन्नासाव्या वर्षी कळलं.
सेहेचाळीस डिग्रीत त्या यायच्या,
खड्यावर पाय रोवून प्यायच्या,
न्यायच्या कुठल्या तरी भिंतीच्या फटीत.
मी जेवायला आलो की एकदम उठायच्या.
सावलीला भीत असतील, किंवा मलाच.
तेव्हापासून मी दुकानातच कपडे बदलून येतो.
देवका काही म्हणाली नाही.
भाकर मात्र परातीजवळ वाढू लागली.

यंदा पुन्हा वेल टिनावर.
काल एका फुलात भुंगा,
पाठ पिवळी, पाय पिवळे,
दारू पिऊन हळदीत लोळलेल्या मामासारखा.
निघाला, दुसऱ्या फुलात डोक्यानं घुसला.
मी चहा हातात धरून उभा.
साय आली त्यावर.

पंप न्यायला येणाऱ्याला हल्ली सांगतो,
सकाळी नको मारू बाप्पा, सांजच्याला मार,
सकाळी लोकं कामावर असतात.
कोणते लोकं, तो विचारतो.
मी नोझल फुंकून पाहतो.

ते पीस अजून टिनाच्या फटीत खोचलेलं आहे.
काढू का, मी विचारलं.
देवकानं कुडापलीकडे पाहिलं,
जिथून पऱ्हाटी सुरू होते
ती थेट नदीपर्यंत.
"राहू द्या," म्हणाली,
"सांगता येत नाही."