झाकणं

पहाटे पाचला कोर्नेलियानं माझ्या मनगटावर
निळ्या मार्करनं आकडा काढला, चारशे बारा.
बहिणीच्या मनगटावर पुढचा.
तेक्ला म्हणाली, तेरा नको गं, दुसरं काहीतरी दे.
मावशी, हा आकडा आहे, नशीब नाही.

श्चेचिनहून आलेली ती, दोन रात्री कुंपणाशी झोपलेली.
तिला कुणी नेमलं नव्हतं
आणि तिचा शब्द कुणी मोडत नव्हतं.
दर दोन तासांनी वहीतून हजेरी.
चारशे सहा लघवीला गेला
तो परत आला हजाराच्या पुढे.

होझुफच्या स्टेडियमबाहेर आम्ही दहा तास उभ्या.
म्हणजे मी उभी. तेक्ला घडीच्या स्टुलावर,
गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमधलं,
हातात लोकरीचा मोजा, टाचेपर्यंत आलेला.
मी सव्वीस वर्षं ट्राम चालवते.
लोकांना थांबवून ठेवणं हा माझा धंदाच.
थांबणं एवढं लांब असतं
हे समोरच्या काचेतून कधी दिसलं नव्हतं.

दुपारी तीनला भोंगा बोलला,
फाटक नऊ बंद, सर्वांनी फाटक चारकडे जावे.
बस्स.
चारशे, पाचशे, हजार, सगळे आकडे
एका दमात मनगटावरचा मळ झाले.
शेवटी आलेले धावले आणि पहिले ठरले.
कोर्नेलिया वही उंच धरून ओरडत राहिली,
आकड्यानं चला, आकड्यानं,
सुट्टीची घंटा झाल्यावरही
एखादी बाई पाढे म्हणून घेते तशी.

तेक्लाला धावता येत नाही.
मी स्टूल उचललं, तिनं माझा दंड धरला,
आणि आम्ही पोचलो तेव्हा रांगेचं शेपूट
बसथांब्यापलीकडे वळलेलं.

पिशवी कागदाएवढी हवी. माझी दोन बोटं मोठी.
छत्री नाही. स्टूल नाही.
सफरचंद नाही, फेकता येतं.
पाण्याची बाटली चालेल, झाकण चालणार नाही.
का, तर झाकण लावलेली भरली बाटली म्हणजे दगड,
असं त्यांना शिकवलेलं.
टेबलाखालच्या पिंपात झाकणं, निळी, पांढरी, हिरवी,
ओसंडून फरशीवर, पायाखाली कुरकुरणारी,
आणि पुढे हजारो माणसं
वाऱ्यातून दिवा न्यावा
तशी उघडी बाटली सांभाळत चाललेली.

मग मोजा निघाला. सुयांसकट.
ब्वाझेय, असं त्याच्या छातीवर लिहिलेलं,
काळं जाकीट खांद्यांना दोन मापं मोठं.
म्हणाला, सुया टाकाव्या लागतील.
तेक्ला म्हणाली, टाके सुटतील रे.
मागून कुणी ओरडलं, आवरा की, सुरू होतंय!
आणि खरंच, भिंतीपलीकडे एकच कल्लोळ,
ड्रम आधी जमिनीतून आला,
मग कानांतून.
आमचं गाणं. त्यांनी सुरुवातीलाच घेतलं.
एकतीस वर्षांनी पुन्हा आले होते ते,
आणि आम्ही चाळीस पावलांवर
एका मोज्यापायी अडलेल्या.

शिव्या तयार होत्या माझ्याकडे,
ओळीनं उभ्या, आकडे घातलेल्या.
पण त्याचे ओठ हलत होते.
सगळं गाणं पाठ, आणि स्टेजकडेही पाठ.
नजर आमच्या पिशव्यांत.

मग त्यानं कानावरची पेन्सिल काढून तेक्लाला दिली.
तिनं एकेक टाका तिच्यावर चढवला, घाई न करता,
रांग आम्हाला काय काय म्हणत होती.
पेन्सिल चालते आत? मी विचारलं.
यादीत नाही, तो म्हणाला.
सुया पिंपात पडल्या, झाकणांवर,
आवाजसुद्धा आला नाही.

आत पोचलो तेव्हा तिसरं गाणं संपत होतं.
दिसतंय का गं काही? तेक्लानं विचारलं.
पाठी, मी म्हटलं. बऱ्याच पाठी.

सोमवारी पहिल्या ट्रामला
मनगटावर चारशे बारा होतंच, फिकट.
बाजाराच्या थांब्यावर एक बाई धावत आली,
काचेवर हात आपटला.
दार लागलेलं. सिग्नल हिरवा.
नियम आहे.
मी आरशात पाहिलं तिच्याकडे,
वळणापर्यंत.