सहाची पाटी

इस्माईल नदाफचा टेम्पो, मागे टॉवेलची नऊ गाठोडी,
पुढे आम्ही तिघं,
आणि गिअरच्या दांड्याला गुडघा लागू नये म्हणून
सोलापूर सुटल्यापासून तिरकी बसलेली नागमणी.

मुकादमाला सांगितलं होतं, दाढ दुखतेय.
खरं सांगितलं असतं तर तो म्हणाला असता,
बास्केटबॉल? म्हणजे काय रे नेमकं?
आणि मला सांगता आलं नसतं.

पोरगी फार्मसीला. वैरागला, हॉस्टेलवर.
फोनवर म्हणाली, शनिवारी मॅच आहे पप्पा,
मी टीमबरोबर असते.
बरोबर असते, एवढंच म्हणाली होती ती.
बाकीचं आम्हीच ऐकलं.

वडाळ्याला चहा.
इस्माईलने बशीत बिस्कीट ठेवून खेळ समजावला:
जाळीत टाकला की दोन, लांबून टाकला की तीन,
आणि टाकताना कुणी धक्का दिला
तर निवांत उभं राहून एकेक.
नागमणी म्हणाली, मग धक्का खाल्लेलाच बरा.
पुढे दोन्हीकडे धसकटं, कडब्याच्या गंजी,
काच खाली केली तर झळ, वर केली तर डिझेलचा वास.
शेंगाचटणीची पुडी तिने मांडीवर अशी धरलेली
जशी बँकेत पासबुक धरतात.

कॉलेज म्हणजे पत्र्याची कमान, दोन इमारती, पाण्याची टाकी.
टाकीमागे सिमेंटचं मैदान, मधोमध भेग, भेगेत हरळी,
फक्कीच्या रेषा बुटांनी पुसत चाललेल्या.
एका बोर्डाला जाळी.
दुसऱ्याला नुसती कडी.

मी मैदानातल्या दहा पोरी मोजल्या.
परत मोजल्या.
बाकावरच्याही बघितल्या, एकीचे केस तसेच होते.
नागमणीने माझी हनुवटी धरून वळवली.

लिंबाखाली टेबल. मागे फळी, फळीला खिळे,
खिळ्यांना तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेले आकडे.
तिथे लावण्या. पांढरी टोपी, नजर चेंडूवर.
सहाची पाटी एकच होती,
ती उलटी केली की नऊ.

इस्माईल काहीतरी बोलणार होता, मग त्याने तंबाखू काढली.

लहानपणी ही अम्माशेजारी बसून विड्यांच्या जुड्या मोजायची.
चोवीस भरल्या तर चोवीसच म्हणायची.
रात्रीचे अकरा वाजलेले, पान संपलेलं,
नागमणी म्हणायची, पंचवीस म्हण गं बाई, कोण मोजतंय,
तर ही म्हणायची, मी.

शेवटचं मिनिट. पाहुणे छत्तीस, आमचे पस्तीस.
आमचे! दीड तासात आमचे झाले.
उंच पोरीने चेंडू फेकला, बिनजाळीच्या कडीवर,
तो कडीला घासून कुठून खाली आला
ते देवाला माहीत.
पोरांनी शिट्ट्या मारल्या, प्राचार्य खुर्चीतून उठले,
मी पण ओरडलो, गेला, गेला!
पंचाच्या डोळ्यांवर ऊन. त्याने टेबलाकडे बघितलं.

बाहेरून आला, सर.
एवढंच.
पाचाची पाटी होती तिथेच राहिली.

कुणी तिला काय काय म्हणालं ते इथे लिहीत नाही.
तिने पाट्या उतरवल्या, फडक्याने पुसल्या,
शून्यापासून नऊपर्यंत लावून पिशवीत भरल्या,
मग आमच्याकडे आली, नजर बुटांवर.
मी खेळत नाही पप्पा. दम पुरत नाही मला.
नागमणीने विचारलं, सकाळपासून पाणी दिलं का कुणी?
आणि पुडी सोडली.
टेम्पोच्या सावलीत चौघांनी कडक भाकरी मोडली,
चटणी तिखट होती, त्यामुळे डोळ्यांचं विचारायची
कुणालाच गरज पडली नाही.

गाठोडी बार्शीत उतरवून परतायला रात्र झाली.
सोमवारी मुकादम म्हणाला, काय गाजुल, बरी आहे का दाढ?
मी पटकन हात लावला.
गाल चुकला.