चौदा नंबर

देसांकाबाई दुकानात आल्या त्या दिवशी
अख्ख्या नीश गावात मिरच्या भाजल्याचा वास होता.
छत्री मिटत एवढंच म्हणाल्या,
"ब्लागोयेचे कर्णे घरी आणलेत.
त्यांना जोडीदार बघ."

ब्लागोये त्यांचा भाऊ, झोरा टॉकीजचा ऑपरेटर.
टॉकीज मोडून टायरचं गोदाम झालं
तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी
हे दोन कर्णे त्याने पदरात पाडून घेतले,
कपाटाएवढे, सोळा ओहमचे,
आणि मरेपर्यंत त्यांच्या पोटात बटाटे ठेवले.

मी आधी घोडचूक केली.
शंभर वॅटचा, नवाकोरा, चकचकीत दाखवला.
"अरे, हे कर्णे एका वॅटमध्ये
शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला जागं ठेवायचे.
माझी खोली बारा पावलांची.
पाहुणा एक, आणि स्वयंपाक गावजेवणाचा?"

दुसऱ्या दिवशी तीन अ‍ॅम्प्लिफायर घेऊन
मी त्यांच्या चौथ्या मजल्यावर. लिफ्ट बंद.
ट्रान्सफॉर्मरचं लोखंड किती खरं आहे
ते तिसऱ्या जिन्यावर कळतं.

रेकॉर्ड काढली तर माझा हात धरला.
"गाणं नंतर.
आधी काही न वाजवता कसा वाजतो ते बघू."
खिडकी लावली. फ्रिजची पिन काढली.
भिंतीवरचं घड्याळ उशीखाली झोपवलं.

पहिला घोंघावला, बरणीत अडकलेल्या माशीसारखा.
"मेन्सचा. ने."
दुसऱ्यात लांब कुठेतरी
कोणी वाळू चाळत होतं.
मला वाटलं, खपून जाईल.
आळशी स्पीकरवर ऐकूही आलं नसतं;
पण हे कर्णे चुगलखोर,
कानात सांगितलेलं चव्हाट्यावर मांडणारे.

तिसरा मीच बांधलेला.
एका बाजूला एकच व्हॉल्व्ह, जेमतेम तीन वॅट.
वायर सोळाच्या स्क्रूला आवळली.
व्हॉल्व्ह तापायला त्यांचा त्यांचा वेळ घेतात.
तोवर बाईंनी डावा तळवा कर्ण्याच्या ओठावर टेकवला
(वरचे सूर त्यांच्या कानातून केव्हाच गेलेत)
आणि पेन्सिल उलटी धरून
काचेला टिचकी मारली,
कारखान्यात बावीस वर्षं मारली तशी,
दिवसाला आठशे.

काही नाही.
पुन्हा टिचकी. काही नाही.
खालच्या मजल्यावर कुणीतरी खोकललं.

मग चष्मा चढवून
काचेवरचा पुसट शिक्का वाचला.
"चौदा नंबर! रुझित्सा!"
शेजारच्या टेबलावरची.
शुक्रवारी चार वाजले की
हाती येईल तो व्हॉल्व्ह पास करायची,
एका हाताने लिपस्टिक लावत.
त्यावरून एक्क्याऐंशी साली जुंपलं,
आणि ते भांडण अजून उभंच आहे,
कारण मिटवायच्या आधी रुझित्साच गेली.

"बदलू?" मी विचारलं.
खोक्यात सात नंबरचे होते,
बाईंच्या स्वतःच्या हातचे.

त्या हलल्या नाहीत.
तळवा तिथेच. उजेडात नखं नारिंगी.
"राहू दे," म्हणाल्या.
"हा शुक्रवारचा नसेल."

उशीखालून घड्याळ निघालं, चुलीवर कॉफी चढली,
रेकॉर्ड लावायची राहूनच गेली.
जिन्यात नोटा मोजल्या तर दोन हजार दिनार कमी.
वर बघितलं.
कठड्यावरून वाकून त्या ओरडल्या,
"चौदा नंबरचे कापलेत!"