सुक्या कचऱ्यातला ळ

शाळेच्या हजेरीत ती बकुल जवलेकर.
घरी बकुळ जवळेकर.
नावात एक, आडनावात एक,
दोन्ही ळ शाळेच्या फाटकापाशी काढून ठेवते ती
चपलांसारखे,
आणि येताना कधी कधी घालायला विसरते.

म्हणून मी झाकणं साठवायला लागलो.
सोड्याच्या बाटल्यांची, खोकल्याच्या औषधाची,
वरच्या मजल्यावरच्या दुबेजींकडून तेलाच्या कॅनची सात.
“क्या करोगे भिया, कोट में टाँकोगे?”
चारुताच्या वाळत आलेल्या नेलपॉलिशनं
एकेकावर एकेक अक्षर.
ण दोनदा चुकला.
ङ आणि ञ यांना मी सरळ सुट्टी दिली.

पंख्याच्या खोक्याचा पट.
जुन्या सलवारीच्या पायाची पिशवी, नाडीसकट.
जिरावणाच्या रिकाम्या डबीत तुरीचे चार दाणे:
हात आत घालायचा, न बघता अक्षर काढायचं,
आणि शब्द सांगेपर्यंत मी डबी वाजवणार.

ल आला की लसूण, लाकूड, लबाड,
लबाड माझ्याकडे बघून.
ळ आला की थांबते.
“ळनं काही सुरूच होत नाही, बाबा.”
खरंच की.
चाळीस वर्षं मराठी बोलतोय मी,
चाळीसमध्येसुद्धा तो गुपचूप बसलेला होता,
पण हे कधी ध्यानात आलं नाही.
मग नियम बदलला: ळ कुठेही चालेल,
मधे, शेवटी,
मागच्या बाकावर.

बुधवारी सकाळी पिशवीत ळ नव्हता.
फ्रिजखाली नव्हता, दप्तरात नव्हता.
चारुता म्हणाली, “झाडताना एक झाकण सापडलं होतं.
निळ्या डब्यात टाकलं. सुकंच ना ते?”
निळा डबा रिकामा.
कचऱ्याची गाडी आपलं गाणं वाजवत
लोकमान्य नगरच्या वळणावर पोचलेली.

मी बनियनवर धावलो.
मागून बकुळ, एका पायात मोजा.

गाडीवरच्या गेंदाबाई रागावल्या नाहीत.
ओलं-सुकं एकत्र करणाऱ्यांवर रागावतात त्या,
आम्ही तर शिस्तीत अक्षर फेकलं होतं.
कोपरापर्यंत हात घालून त्यांनी
दुधाच्या पिशव्या, शेवेची पाकिटं बाजूला सारली.
“ये? चश्मेवाला?”

“चश्मा नहीं है,” बकुळ म्हणाली, “ळ है.
यहाँ किसी को बोलना नहीं आता.”
मी मान हलवली.
थोडी ऐटीतच हलवली असेन.

गेंदाबाईंनी हातमोजा काढला,
झाकण पदराला पुसलं.
“काळो,” म्हणाल्या.
“केळा.” मग जरा थांबून, “माळवो.”
जीभ अशी सहज मागे वळली,
जशी म्हैस ओळखीच्या गोठ्यात वळते.
“हमारे सनावद तरफ तो सब बोलते हैं, बेटा.
लिखते कैसे हैं, वो आज देखा।”

ज्या मातीवर आम्ही दोघं उभे होतो
तिच्याच नावात होता तो.
आणि मी त्याला
डब्यातून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळून आणलेलं
घरचं लोणचं समजत होतो.

“बकुळ म्हणा,” बकुळ म्हणाली.
त्यांनी म्हटलं.
पहिल्याच दमात.
मागच्या स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला.

झाकणाला दोन दिवस आंबूस वास येत होता,
एका बाजूचं नेलपॉलिश खरवडलं गेलंय.
रंगवून देतो म्हटलं तर देत नाही.
काल संध्याकाळी डोळे मिटून पिशवीत हात घातला
आणि नेमका तोच काढला.
“कसा कळला?”
“वासावरून.”
मी डबी वाजवायला लागलो. शब्द?
“गेंदाबाई.”
“यात ळ कुठाय?”
“तोंडात आहे ना त्यांच्या.”

गुण दिला.
ङ आणि ञसाठीही आता
दोन झाकणं बघायला हवीत.