नळाचा वार

जालना रोडला, फर्निचरच्या दुकानावर,
जिथं पूर्वी विम्याचं ऑफिस होतं
तिथं काचेमागं तांब्याच्या दोन टाक्या,
आणि खुर्च्या मुद्दाम एकीसारखी दुसरी नाही अशा.
"लग्नाच्या मांडवातून उचलून आणल्यात," विश्वंभर गुट्टे म्हणाला.
बसलो.

एकतीस वर्षं वाळूजला आम्ही एकाच लाइनवर.
तो झाकणं बसवायच्या मशीनला,
मी उजेडाच्या पडद्यासमोर.
धुऊन आलेल्या रिकाम्या बाटल्या सरकत जायच्या
आणि मी नुसतं बघायचो:
तडा, तारेचा तुकडा, सिगारेटचं थोटूक,
एकदा कुणाचं तरी कानातलं,
एकदा हिरवी गोटी. ती आत गेली कशी
हे अजून कळलेलं नाही.
दर वीस मिनिटांनी माणूस बदलायचा,
डोळ्यांना पाणी यायचं म्हणून.
घरी वरणाची वाटीसुद्धा मी ट्यूबलाइटपुढं धरायचो.
बायको म्हणायची, खाली ठेवा. जेवा.

भरलेली बाटली माझ्या वाट्याला कधी आलीच नाही,
म्हणजे कामावर.

टाक्यांमागून एक मुलगी आली, हात पुसत.
मृदुला लोमटे, अंबाजोगाईची, बूट रबराचे.
"ही मालदांडीची," म्हणाली. "मोड आणून, वाळवून, भरडून."
विश्वंभर म्हणाला, "म्हणजे भाकरी प्यायची म्हणा की."

ग्लास आला. हात आपोआप वर गेला, दिव्याकडं.
आत ढग.
बारीक, सावकाश फिरणारा, पीठ कालवल्यासारखा.
"काय बघलालास," विश्वंभर म्हणाला, "पी की."
मी तिला म्हणालो, आमच्याकडं ही पास झाली नसती.
ती हसली नाही. म्हणाली,
"काका, गाळली की ज्वारी जाते."

पहिला घोट आंबट, आंबलीच्या अंगानं.
मग कडू.
आणि मग बऱ्याच उशिरानं, जिभेच्या मागच्या बाजूला
कोरडं काहीतरी, कडब्याच्या गंजीला
पाठ लावून बसल्यासारखं.

मुनीरमामू भट्टीवर. आधी शहागंजात होते,
आता डोक्याला काळी टोपी, छातीवर पबचं नाव.
नान पिवळा, तळहाताएवढा जाड,
खलिया लोखंडी कढईत, वर तेलाचा लाल तवंग,
आणि हे सगळं ठेवलेलं काळ्या पाटीवर.
"पाटी दिलीय," विश्वंभर म्हणाला,
"आधी उजळणी लिहायची का?"
मग त्यानं बाह्या सारल्या,
नान कुस्करला, रश्श्यात काला केला,
शेजारच्या टेबलावरची काट्याचमच्यांची पोरं बघत राहिली.
मामू आतून ओरडले, "बराबर! ऐसाच खाते!"

नळी फोडायला विश्वंभरनं ताटलीवर हाड आपटलं
तेव्हा माझा फोन वाजला.
बायको. एकच वाक्य.
"नळ आलाय."

आठव्या दिवशी येतो. रात्री साडेनऊला येईल
की पहाटे तीनला, हे त्याचं तो जाणे.
अर्धा ग्लास समोर, नळी न फोडलेली,
विश्वंभरनं विचारलंसुद्धा नाही.
"जा," म्हणाला, "तुझा ढग मी पितो."

स्कूटरवर क्रांती चौकाच्या पुलावरून जाताना
ढेकर आला, ज्वारीचा.
कंपनीत पाणी कधी गेलं नव्हतं.
एकतीस वर्षांत एकदाही नाही.
हे मी घरात कधी मोठ्यानं बोललेलो नाही.

ड्रम भरला, टाकी भरली, हंडे, बादल्या, पातेली,
शेवटी कुकरसुद्धा.
साडेअकराला धार बारीक झाली, खोकली, थांबली.
तहान लागली होती, खलियाची.
पहिल्या हंड्यातून ग्लासभर घेतलं
आणि हात वर गेला, ट्यूबलाइटकडं.

आत ढग. बारीक, सावकाश फिरणारा.

बायको ओल्या पायांनी दारात उभी.
"आता काय निघालं त्यात?"
काही नाही, म्हणालो,
आणि ग्लास तिच्याकडं सरकवला.
आधी तू.