टाकळ्याला सूट

पंचायतीचं काम मीटरवर असतं.
केरीच्या तिठ्यापासून मोर्ल्याच्या शाळेपर्यंत
रस्त्याच्या दोन्ही कडा, चवथीच्या आत,
गवत घोट्याखाली.
खांद्याला पट्टा, तोंडाला गमछा,
आणि यंत्राची नायलॉनची दोरी
गरगर फिरायला लागली की
तिच्यापुढे सगळं हिरवं सारखंच.

तिसऱ्या दिवशी पेट्रोल संपलं.
आवाज थांबला तेव्हा दिसलं:
पिवळं.
झेंडूचं नव्हे. शिळ्या कढीचं पिवळं.
पानांच्या बगलेत दोन-दोन फुलं,
माना खाली घालून,
जेवणं आटोपल्यावर पोचलेल्या पाहुण्यांसारखी.
पाच पाकळ्या, त्यातली एक जरा मोठी,
शिंप्याचं माप चुकावं
आणि गिऱ्हाइकानं तेच घालून हिंडावं, तशी.

टाकळा.
चोर्ला घाट उतरला की तायकिळो.
आषाढात आम्हीच ह्याचे कोंब खुडतो,
फणसाच्या बिया, ओलं खोबरं, एक हिरवी मिरची.
पान जून झालं की ओळख सुटते.
कवंडळ, घागऱ्या, कांगणी
माटोळीला चढतात, देवाच्या डोक्यावर लोंबतात.
ह्याला आमच्या घरी कुणी बांधलेलं मी पाहिलं नाही.
म्हणे, वास येतो.
नावडतीचं मीठ अळणी,
नावडत्याचा वास उग्र.

मी कॅन उचलला तेवढ्यात
कायतान फाटकाशी आला, बनियनवर, हातात कप.
“बाकीचं काप. माझ्या कुंपणापुढचं ठेव.”
“का? देव आहे काय तो?”
“कॉफी आहे.”

मी हसलो. तो हसला नाही.
खाणी बंद पडल्या त्या वर्षी
ट्रक दारात गंजत उभा होता,
आणि रेमेदिओसनं एके सकाळी
दुकानातली कॉफी बंद केली.
ह्याच शेंगा, बारीक, वाकड्या,
दिवाळीनंतर वाळल्या की फोडायच्या.
बिया तपकिरी, चकचकीत, अंगाला कोपरे असलेल्या.
लोखंडी तव्यावर धूर येईपर्यंत भाजायच्या
आणि पाट्यावर वाटायच्या.
ती गेली. तवा आहे.

“आणि त्याच्याआधी,” तो म्हणाला
(इथे आवाज उगाच बारीक केला,
रस्त्यावर एक म्हैस सोडून कुणी नव्हतं),
“बारा-बारा तास सीटवर, घामानं मांड्यांना गजकर्ण.
हाच पाला, लिंबाच्या रसात वाटून.
तीन रात्री बोंबललो.
चौथ्या रात्री झोपलो.”

मला त्यानं अर्धा कप दिला, गूळ घातलेला.
कॉफीसारखी लागते का? नाही.
धुरासारखी लागते,
आणि गिळल्यावर, जिभेच्या मुळाशी,
काहीतरी कडू थांबून राहतं
जायची घाई नसलेलं.
एक पिवळं फुलपाखरू, नखाएवढं,
पानाखाली पोट टेकवत होतं.
अंडी, कायतान म्हणाला. मी बघितलं नाही नीट.
खरं म्हणजे दोन दिवसांत
किती कापली असतील
ते मोजायचं नव्हतं मला.

बिलाच्या वेळी तळवाडकरबाईंनी टेप धरलेल्या पोराला विचारलं,
मग मला:
“चाळीस मीटर कुठे गेले?”
मी म्हटलं, “तिथे कॉफी लावली आहे.”
चष्म्यावरून बघितलं त्यांनी.
सरकारी फॉर्ममध्ये कॉफीचा रकाना नसतो.
खूप वेळ पेन हवेत.
मग लिहिलं: अडथळा.
पैसे चाळीस मीटरचे कापले.

परवा तिन्हीसांजेला तिथून स्कूटर काढली.
पानं मिटली होती,
जोडी जोडीनं, हात जोडावेत तशी,
पण कुणाला नमस्कार नव्हे, नुसती झोप.
पानं मिटली की फुलं जास्त दिसतात.
हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.
मी गाडी बंद केली नाही,
फक्त दिवा जरा खाली केला.