एकोणसाठ

मढवीदादांच्या झेरॉक्सच्या दुकानात
माझा नंबर आला तेव्हा नऊ वाजून गेले होते.
कोपरखैरणे, सेक्टर पाच. दारावर पाटी :
सीईटीचे फॉर्म भरून मिळतील,
पॅनकार्ड, लाइट बिल, लग्नाचा बायोडाटा.

फोटो आणला होता.
कान दिसले पाहिजेत म्हणून
आईने केस इतके मागे ओढले होते
की त्यात मी दचकल्यासारखी दिसते.
"सही?"
सही मला नव्हतीच, नुसतं नाव लिहीत आले होते.
दादांनी कोरा कागद दिला, काळं पेन,
म्हणाले, चौकटीबाहेर जाऊ नको
आणि पुढे जन्मभर हीच कर.
सात वेळा केली.
सातव्यांदा जुनघरेमधला रे जरा लांबला.
तो तसाच राहू दिला.

आधारवर घ-ला एच आहे, दाखल्यावर नाही.
"आत्ता दाखल्यासारखं लिहू,
त्या एचचं नंतर बघू."
म्हणजे फॉर्मवर मी जुनगरे झाले.
पीसीएम, पीसीबी, की दोन्ही?
दोन्हीला पैसे दोनदा. घरून मोजून आणलेले, एकदाचेच.
पीसीएम, म्हणाले.
वहीत चारही कप्पे रंगवून काढलेलं हृदय
तिथल्या तिथे मिटलं.
केंद्र? ठाणे, नवी मुंबई, पनवेल.
"अजून एक टाक."
सातारा, म्हणाले. तिथे मावशी आहे.

मग ओटीपी.
तो जातो पप्पांच्या फोनवर,
पप्पा मार्केटात, कांद्याची गाडी खाली करताहेत.
पाचव्या रिंगला उचलला.
मागे कुणीतरी कुणाला शिव्या घालत होतं,
आणि पप्पा मेसेज वाचू लागले
पोती मोजतात त्या आवाजात :
एकोणसाठ, अडुसष्ट, त्र्याण्णव.

माझं सेमी. गणित पहिल्यापासून इंग्रजीत.
इंटिग्रेशनच्या दोन वह्या भरल्यात मी,
पण एकोणसाठ साठाच्या अलीकडे की पलीकडे
हे त्या घाईत आठवेना.
सहा-नऊ टाकलं.
लाल अक्षरं.
"पप्पा, परत सांगा." परत तेच, जरा मोठ्याने,
जणू मला ऐकू येत नाही.
अडुसष्टला अडकले, त्र्याण्णवला त्र्याऐंशी समजले,
आणि वेळ संपली.
मागचा मुलगा खुर्चीच्या पाठीवर बोटं वाजवत होता.

"नवा येईल. आता एकेक आकडा सांगा."
"एकेक?"
पप्पा खरंच थांबले.
"एकेक कोण मोजतं गं. रात्र सरेल."
तरी सांगितलं.
चार.
शून्य.
सात.
पाठीवरून उतरवून
प्रत्येक खाली ठेवावा, तसा.
मधे त्यांचा श्वास ऐकू येत होता.
सात. परत सातच हां.
दोन.
एक.

गोल फिरत राहिलं, मग हिरवी खूण आली.
दादांनी दोन प्रिंट काढल्या,
एक घडी घालून दिली : हे जपून ठेव,
हॉलतिकिटाच्या वेळी रडत येतात सगळे.

घरी आई झोपली होती, ताट झाकलेलं.
मी कॅल्क्युलसच्या वहीच्या मागच्या पानावर
अक्षरात आकडे लिहायला बसले.
एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस.
पुढचा दशक यायच्या आधी
दर वेळी एक कमी पडतो, आणि तो कमी
नावातच सांगून टाकतात.
सरावपरीक्षेत माझे येतात एकोणनव्वद.
पण नव्व्याण्णवला एकोण नाही.
शंभराला एकच कमी, तरी
त्याला कुणी तसं म्हणत नाही.

का, ते पप्पांना विचारायचंय.
सहाला येतील,
शर्टाच्या खिशात कांद्याची सालं घेऊन.